‘उदयोन्मुख’ राष्ट्रांचा चषक : आशियाई फुटबॉलमधील एका वर्गवारीचा इतिहास (२००६-२०१४)

खेळांचा इतिहास आपल्याकडे बहुधा विजेत्यांच्या याद्या आणि खेळाडूंची गुणवर्णने ह्यांपलीकडे जात नाही. तो जेव्हा जातो तेव्हा क्रिकेटकडे जातो, फुटबॉलकडे क्वचित. परंतु एखादी क्रीडासंस्था आपल्या सदस्य राष्ट्रांची प्रतवारी कशी लावते, त्या प्रतवारीस कोणते नाव देते आणि त्या नावामुळे संबंधित राष्ट्रांच्या वाट्यास काय येते, हे प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकास वर्ज्य मानण्याचे कारण नाही. प्रस्तुत लेखात अशाच एका प्रतवारीचा विचार करावयाचा आहे. आशियाई फुटबॉल महासंघाने २००६ ते २०१४ ह्या काळात ‘एएफसी चॅलेंज कप’ नावाची स्पर्धा पाच वेळा भरविली. ती ‘उदयोन्मुख’ राष्ट्रीय संघांसाठी होती. स्पर्धेचे आयुष्य पुरती नऊ वर्षेही नव्हते. तथापि तिने उभे केलेले प्रश्न तिच्याहून दीर्घायुषी ठरले आहेत.

प्रथम ह्या शब्दाकडेच पाहू. महासंघाने ‘व्हिजन एशिया’ ह्या आपल्या विकासयोजनेच्या काळात सदस्य राष्ट्रांचे तीन वर्ग कल्पिले होते : परिपक्व, विकसनशील आणि उदयोन्मुख. क्लबांच्या स्पर्धांचीही रचना त्याच धर्तीवर झाली. वरच्या वर्गासाठी चॅम्पियन्स लीग, मधल्यासाठी एएफसी कप आणि तळच्यासाठी २००५ मध्ये सुरू झालेला प्रेसिडेंट्स कप. ही परिभाषा क्रीडांगणावर जन्मलेली नव्हे. ‘इमर्जिंग’ हे विशेषण १९८० नंतरच्या दशकात जागतिक भांडवलबाजारात रूढ झाले. ज्या देशांना पूर्वी मागासलेले म्हणत त्यांस गुंतवणूकदारांपुढे अधिक आकर्षक नावाने सादर करणे हा त्यामागील हेतू होता. मराठीत त्याचा ‘उदयोन्मुख’ असा अनुवाद केला म्हणजे मूळ शब्दातील गृहीतक अधिकच उघडे पडते. ज्याचे मुख उदयाकडे आहे तो उदयोन्मुख. म्हणजे मागे काळोख, पुढे प्रकाश, आणि मध्ये एक सरळ वाट. ज्या राष्ट्रांस हे विशेषण लावले गेले त्यांचा भूतकाळ खरोखरच तसा होता काय?

तसा तो नव्हता. १९५१ मध्ये दिल्लीस पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धा भरल्या तेव्हा फुटबॉलमध्ये सहा संघ उतरले होते : भारत, इराण, जपान, इंडोनेशिया, ब्रह्मदेश आणि अफगाणिस्तान. अंतिम सामन्यात इराणचा १-० असा पराभव करून भारताने सुवर्णपदक मिळविले. ह्या सहांपैकी निम्मे, म्हणजे भारत, अफगाणिस्तान आणि (पुढे म्यानमार झालेला) ब्रह्मदेश, अर्धशतकानंतर ‘उदयोन्मुखां’च्या पंक्तीत बसलेले आढळतात. १९५४ मध्ये आशियाई महासंघाची स्थापना फिलिपाइन्सच्या राजधानीत, मनिला येथे झाली. ते यजमान फिलिपाइन्स आणि संस्थापक सदस्यांपैकी भारत, पाकिस्तान व अफगाणिस्तान हे सर्व २००६ च्या पहिल्या चॅलेंज कपात खेळले. घर बांधणाऱ्यांसच पुढे ओसरीवर जागा मिळाली, असे ह्याचे वर्णन केल्यास ते फारसे अन्यायाचे होणार नाही.

ब्रह्मदेशाचे उदाहरण तर विशेष बोलके आहे. १९६६ च्या आशियाई क्रीडास्पर्धांत त्याने सुवर्णपदक जिंकले, १९७० मध्ये ते दक्षिण कोरियासमवेत वाटून घेतले आणि १९६८ च्या आशिया चषकात तो उपविजेता ठरला. भारताने १९६२ मध्ये जाकार्ता येथे दक्षिण कोरियास २-१ असे हरवून दुसरे सुवर्णपदक मिळविले, १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक पटकाविला आणि १९६४ च्या आशिया चषकात उपविजेतेपद मिळविले. तैवानच्या संघाने १९५४ व १९५८ अशी लागोपाठ दोन सुवर्णपदके जिंकली होती. त्यात बहुतेक खेळाडू हाँगकाँगचे होते ही गोष्ट वेगळी. पण पदकांवर नाव तैपेईच्या सरकारचेच कोरले गेले. आणखी मागे जावयाचे तर १९१७ मध्ये तोक्यो येथे फिलिपाइन्सने जपानवर १५-२ असा विजय मिळविला होता. ह्या राष्ट्रांस उदयोन्मुख म्हणणे म्हणजे मावळून गेलेल्या सूर्यास अद्याप उगवावयाचा आहे असे समजणे होय. त्यांचा इतिहास आरोहणाचा नसून ऱ्हासाचा होता, आणि ऱ्हासाची कारणे शोधण्याऐवजी वर्गवारीने तो ऱ्हासच नजरेआड केला.

ह्याविरुद्ध असे म्हणता येईल की महासंघास इतिहास लिहावयाचा नव्हता, स्पर्धा भरवावयाच्या होत्या. दुबळ्या संघांस बलाढ्य संघांकडून दहा-दहा गोल खावयास लावण्यापेक्षा त्यांस आपसांत खेळविणे शहाणपणाचे. हा युक्तिवाद निराधार नाही. परंतु ज्या संघांस एकत्र कोंबले ते तरी समबल होते काय? १ एप्रिल २००६ रोजी बांगलादेशात पहिली स्पर्धा सुरू झाली आणि त्याच दिवशी पॅलेस्टाइनने ग्वामवर ११-० असा विजय मिळविला. उपान्त्यपूर्व फेरीत ताजिकिस्तानने यजमान बांगलादेशास ६-१ असे हरविले. म्हणजे विषमता टाळण्यासाठी काढलेल्या कुंपणाच्या आतही विषमता होतीच.

त्या पहिल्या स्पर्धेचे स्वरूप थोडे सविस्तर पाहण्यासारखे आहे. सोळा संघ, ढाका व चितगाव ही दोन केंद्रे आणि चार गट अशी तिची रचना होती. भारताने आपला प्रौढ राष्ट्रीय संघ न पाठविता वीस वर्षांखालील तरुणांचा संघ पाठविला. तो उपान्त्यपूर्व फेरीत नेपाळकडून ०-३ असा हरला. मोठ्या देशाने ह्या स्पर्धेकडे कोणत्या दृष्टीने पाहिले हे ह्यावरून दिसते. नेपाळ व श्रीलंका ह्यांची दृष्टी निराळी होती. हे दोघे उपान्त्य फेरीत परस्परांशी भिडले आणि बरोबरीनंतर पेनल्टींवर श्रीलंकेची सरशी झाली. १६ एप्रिल रोजी ढाक्यास अंतिम सामन्यात ताजिकिस्तानने श्रीलंकेचा ४-० असा पराभव केला. पाच वर्षांच्या यादवी युद्धातून १९९७ मध्ये बाहेर पडलेल्या आणि १९९४ मध्येच महासंघात आलेल्या ह्या मध्य आशियाई देशास ‘उदयोन्मुख’ हे विशेषण खऱ्या अर्थाने शोभत होते. आदल्या वर्षी प्रेसिडेंट्स कपही तुर्सुनझोदा गावच्या रेगार-ताडाझ ह्या ताजिक क्लबानेच जिंकला होता. परंतु ह्या विजेत्यास बक्षीस काय मिळाले? चषक मिळाला, आशिया चषकाचे दार मात्र उघडले नाही. पहिल्या स्पर्धेच्या विजेत्यास तेथे प्रवेश देण्याची तरतूदच नव्हती.

ती तरतूद २००८ पासून झाली, आणि तिने स्पर्धेचे सारे स्वरूप पालटून टाकले. पात्रता फेरी सुरू झाली, अंतिम स्पर्धेत आठच संघ राहिले, आणि २००८ व २०१० च्या विजेत्यांस २०११ च्या आशिया चषकात थेट प्रवेश देण्याचे ठरले. आशिया चषकात तेव्हा सोळा संघ असत. त्यांतील दोन जागा ज्यांस इतरथा त्या मिळणे दुरापास्त होते अशांसाठी राखून ठेवल्या गेल्या. राखीव जागांचे गुणदोष आपल्या देशातील वाचकास समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. येथे एवढेच नोंदवावयाचे की ह्या एका नियमामुळे आतापर्यंत दुय्यम वाटणारी स्पर्धा एकाएकी मोलाची ठरली, आणि भारताने ह्या वेळी आपला पूर्ण संघ उतरविला. इतकेच नव्हे, तर यजमानपदही घेतले.

२००८ ची स्पर्धा ३० जुलैपासून हैदराबाद येथे भरली. ऐन पावसाळ्यात दख्खनच्या पठारावर फुटबॉलची आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरविण्याचा निर्णय कोणाच्या बुद्धीतून निघाला असेल तो असो. मैदाने चिखलाने भरली आणि अखेरीस अंतिम सामना दिल्लीच्या आंबेडकर स्टेडियमवर हलवावा लागला. इंग्रज प्रशिक्षक बॉब हॉटन ह्यांच्या हाताखालील भारतीय संघाची सुरुवात अडखळत झाली. अफगाणिस्तानविरुद्ध सामना बरोबरीत सुटणार असे दिसत असताना अगदी अखेरच्या क्षणी गोव्याच्या क्लायमॅक्स लॉरेन्सने गोल केला. ताजिकिस्तानशी १-१ अशी बरोबरी झाली, तुर्कमेनिस्तानवर २-१ असा विजय मिळाला. उपान्त्य सामन्यात पाण्याने भरलेल्या मैदानावर सुनील छेत्रीच्या एकमेव गोलाने म्यानमारचा पराभव झाला. १३ ऑगस्ट रोजी अंतिम सामन्यात पुन्हा ताजिकिस्तान समोर आले. छेत्रीने तीन व भाईचुंग भुतियाने एक गोल केला आणि भारत ४-१ असा जिंकला. १९८४ च्या सिंगापूरच्या स्पर्धेनंतर भारतास प्रथमच आशिया चषकात स्थान मिळाले होते.

ह्या विजयाचे मूल्यमापन कसे करावे? जानेवारी २०११ मध्ये दोहा येथे भारतीय संघ ऑस्ट्रेलियाकडून ०-४, बहारीनकडून २-५ आणि दक्षिण कोरियाकडून १-४ असा हरला. तीन सामन्यांत तेरा गोल स्वीकारले, तीन केले. गोलरक्षक सुब्रत पाल ह्याने अनेक फटके अडविले म्हणून आकडा तेवढ्यावर थांबला. हे आकडे पाहून राखीव प्रवेश व्यर्थ होता असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ निघाले. आमच्या मते हा निष्कर्ष उतावीळपणाचा आहे. बहारीनविरुद्ध दोन व दक्षिण कोरियाविरुद्ध एक गोल करणारा संघ आशियातील अव्वल संघांपुढे उभाच राहू शकत नव्हता असे म्हणता येत नाही. खरा दोष अन्यत्र होता. एकदा दार उघडल्यावर आत शिरलेल्यास पुन्हा बाहेर उभे करण्यात आले. २०१५ च्या आशिया चषकासाठी भारतास मुख्य पात्रता फेरीत स्थान नव्हते. पुन्हा चॅलेंज कपाचीच वाट धरावी लागली. २०१२ मध्ये काठमांडू येथे भारताचा पूर्ण संघ ताजिकिस्तान, फिलिपाइन्स व उत्तर कोरिया ह्या तिघांकडून हरला आणि त्यास एकही गोल करता आला नाही. मार्च २०१३ मध्ये यांगून येथे म्यानमारने ०-१ असे हरविल्याने २०१४ च्या अंतिम स्पर्धेचीही संधी गेली. बलवान प्रतिस्पर्ध्यांशी नियमित खेळ नाही, म्हणून दर्जा नाही. दर्जा नाही, म्हणून बलवान प्रतिस्पर्ध्यांशी खेळ नाही. ह्या चक्रातून सुटण्याची वाट दर दोन वर्षांनी एकाच संघासाठी उघडत असे.

ती वाट ज्याने सर्वाधिक वापरली त्याचे नाव ऐकून ह्या वर्गवारीचे हसे होते. उत्तर कोरियाने १९६६ च्या विश्वचषकात इटलीस हरवून उपान्त्यपूर्व फेरी गाठली होती व तेथे पोर्तुगालशी ३-५ असा झुंजार पराभव पत्करला होता. तोच देश २००८ मध्ये हैदराबादेत उदयोन्मुख म्हणून खेळला आणि तिसरा आला. जून २००९ मध्ये तो २०१० च्या विश्वचषकासाठी पात्र ठरला. त्यानंतर फेब्रुवारी २०१० मध्ये, म्हणजे दक्षिण आफ्रिकेस जाण्यास चार महिने असताना, त्याने कोलंबो येथे तुर्कमेनिस्तानास पेनल्टींवर हरवून चॅलेंज कप जिंकला. २०१२ मध्ये काठमांडूस त्याच प्रतिस्पर्ध्यास २-१ असे हरवून तो पुन्हा जिंकला. जगातील बत्तीस निवडक संघांत बसणारा संघ त्याच वर्षी आशियातील तळच्या वर्गात बसतो, ही विसंगती कोणत्याही व्याख्येने दूर होत नाही. तिचे मूळ एवढेच की महासंघाची प्रतवारी केवळ राष्ट्रीय संघाच्या खेळावर बसविलेली नव्हती. तिच्या विकासयोजनेची दृष्टी देशांतर्गत साखळी स्पर्धा, क्लबांची स्थिती, पैसा व व्यवस्था ह्यांवर होती. प्याँगयांगच्या बंदिस्त व्यवस्थेतून उत्तम अकरा खेळाडू निघू शकत. उत्तम हिशेबवह्या निघत नसत. तुर्कमेनिस्तानाच्या वाट्यास मात्र लागोपाठ दोन अंतिम पराभव आले व दोन्ही वेळा आशिया चषक हुकला.

स्पर्धेने आणखी एक प्रश्न पुढे आणला. राष्ट्रीय संघ कोणाचा? २०१२ मध्ये तिसरा व २०१४ मध्ये दुसरा आलेल्या फिलिपाइन्सच्या संघात युरोपात जन्मलेल्या व वाढलेल्या फिलिपिनो वंशाच्या खेळाडूंचा मोठा भरणा होता. २०१२ च्या स्पर्धेत सर्वाधिक, म्हणजे सहा, गोल करणारा फिल यंगहजबंड इंग्लंडमध्ये जन्मला होता. ज्या देशाची लक्षावधी माणसे उपजीविकेसाठी परमुलखात राहतात त्याचा संघ परमुलखात तयार व्हावा ह्यात नवल नाही. पॅलेस्टाइनची गोष्ट ह्याहून कठीण. १९९८ मध्ये फिफाचे सदस्यत्व मिळालेल्या ह्या संघाचे खेळाडू गाझा, पश्चिम किनारा आणि दूरदूरच्या देशांत विखुरलेले. त्यांस एका ठिकाणी जमविणे हेच पहिले आव्हान असे. २००७ मध्ये विश्वचषकाच्या पात्रता सामन्यासाठी सिंगापूरला जाण्यास खेळाडूंना परवाने मिळाले नाहीत, संघ पोचला नाही आणि सामना ३-० असा सिंगापूरच्या नावे मांडला गेला. स्वतःच्या भूमीवर, अल्-रामच्या मैदानात, राष्ट्रीय संघाचा सामना होण्यास २००८ साल उजाडावे लागले.

हा संघ मे २०१४ मध्ये मालदीवला गेला. माले व अड्डू येथे झालेल्या ह्या पाचव्या व अखेरच्या स्पर्धेत पॅलेस्टाइनने पाच सामन्यांत एकही गोल स्वीकारला नाही. किरगिझस्तान, म्यानमार व अफगाणिस्तान ह्यांस हरवून आणि यजमानांशी गोलशून्य बरोबरी करून तो ३० मे रोजी फिलिपाइन्सविरुद्ध अंतिम सामन्यास उभा राहिला. उत्तरार्धात अश्रफ नुमान ह्याने फ्री किकवर थेट गोल केला. तेवढ्या एका गोलावर पॅलेस्टाइन प्रथमच आशिया चषकात पोचले. पाच-सहा आठवड्यांतच गाझामध्ये युद्ध पेटले. जानेवारी २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियात हा संघ जपान, जॉर्डन व इराक ह्या तिघांकडून हरला. जॉर्डनविरुद्ध त्याचा एकमेव गोल स्लोव्हेनियात जन्मलेल्या याका इहबेशेहने केला. येथे आशिया चषकाच्या जुन्या दप्तरातील एक पान सहज आठवते. १९६४ चा चषक इस्राएलने आपल्या भूमीवर भरविला व जिंकला होता, आणि उपविजेता भारत होता. १९७४ मध्ये इस्राएलला आशियाई महासंघातून वगळण्यात आले. पन्नास वर्षांनी पॅलेस्टाइन त्याच स्पर्धेत दाखल झाले ते ‘उदयोन्मुखां’च्या दारातून. दार अरुंद होते खरे, पण २०१४ मध्ये त्यांच्यासाठी दुसरे दार नव्हते. आम्ही वर वर्गवारीवर जी टीका केली ती ह्या वस्तुस्थितीने काहीशी सौम्य करणे न्याय्य होईल.

महासंघाने २०१४ मध्येच आशिया चषकातील संघांची संख्या २०१९ पासून सोळावरून चोवीस करण्याचे ठरविले आणि विश्वचषक व आशिया चषक ह्यांच्या पात्रता फेऱ्या आरंभी एकत्र जोडल्या. राखीव दाराची गरज संपली. चॅलेंज कप बंद झाला. पात्रतेच्या आरंभीच बाद होणाऱ्या संघांसाठी ‘सॉलिडॅरिटी कप’ काढण्यात आला. तो २०१६ मध्ये मलेशियातील कुचिंग येथे एकदाच भरला. नेपाळने मकाऊस १-० असे हरवून जिंकला. २०२० ची स्पर्धा रद्द झाली. ‘चॅलेंज’ हे नाव महासंघाने २०२४ मध्ये पुन्हा बाहेर काढले, पण क्लबांच्या तिसऱ्या दर्जाच्या लीगसाठी.

चोवीस संघांच्या नव्या व्यवस्थेत जुन्या ‘उदयोन्मुखां’ची गती एकसारखी राहिली नाही, आणि अभ्यासकाने ह्याच ठिकाणी थांबून पाहावयास हवे. २०१९ मध्ये भारत, उत्तर कोरिया, पॅलेस्टाइन, फिलिपाइन्स, तुर्कमेनिस्तान व किरगिझस्तान हे सर्व आशिया चषकात खेळले. किरगिझस्तान बाद फेरीत पोचले. भारताने थायलंडवर ४-१ असा विजय मिळविला पण तो गटातच अडकला. पहिल्या चषकाचा विजेता ताजिकिस्तान मात्र ह्या मेळ्यातही नव्हता. २००६ मध्ये तो जिंकला तेव्हा प्रवेशाची तरतूद नव्हती. २००८ मध्ये तरतूद होती तेव्हा तो दिल्लीस हरला. २०१० मध्ये तिसरा आला. आणि मार्च २०१८ मध्ये मनिला येथे फिलिपाइन्सकडून १-२ असा हरून पुन्हा बाहेर राहिला. अखेर २०२३ च्या म्हणून गणल्या गेलेल्या, परंतु जानेवारी २०२४ मध्ये कतारला भरलेल्या आशिया चषकात त्यास प्रथम स्थान मिळाले. तेथे त्याने लेबनॉनला हरविले, बाद फेरीत संयुक्त अरब अमिरातीस पेनल्टींवर मागे टाकले आणि उपान्त्यपूर्व सामन्यात जॉर्डनकडून केवळ ०-१ असा पराभव पत्करला. त्याच स्पर्धेत पॅलेस्टाइननेही प्रथमच बाद फेरी गाठली व यजमान कतारशी १-२ अशी झुंज दिली. त्या वेळी गाझात पुन्हा युद्ध चालू होते. भारत ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान व सीरिया ह्यांच्याशी तिन्ही सामने हरून परतला. सोळा वर्षांपूर्वी आंबेडकर स्टेडियमवर ताजिकिस्तानविरुद्ध तीन गोल करणारा छेत्री अद्याप संघाचा नायक होता. ह्या खेपेस भारताच्या नावावर एकही गोल लागला नाही.